साधा बोर्ड, भारी बोर्ड

वाघमोडे तात्यांच्या दुकानात मदरबोर्ड मिळायचा, पण मागितलेला मिळेलच याची खात्री नसायची. भारीतला मागायला जायचं आणि पिशवीत साधा घेऊन घरी यायचं, असा तिथला रिवाज होता. बारामतीत भिगवण रस्त्याच्या एका गल्लीत, झेरॉक्सवाला आणि चष्म्यांचं दुकान यांच्या मधे त्यांचा गाळा. पाटी मी रंगवलेली. 'वाघमोडे कॉम्प्युटर्स' आणि खाली 'मोटार रिवायंडिंग'. शेवटची पंधरा वर्षं तात्यांनी एकही मोटार भरली नव्हती, पण ती खालची ओळ पुसायची म्हटलं की ते म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. खायला तिनं घातलंय."

मी तेव्हा पाट्या रंगवायचो. पुढं फ्लेक्स आले आणि ब्रश सुटला. आता वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, दशक्रिया विधीचे फ्लेक्स कॉम्प्युटरवर करतो. तात्यांनी मात्र मला शेवटपर्यंत 'पेंटर'च म्हटलं. दोघांनीही जुना धंदा सोडून नवा धरलेला, त्यामुळं आमचं जमायचं. त्यांचं मूळ गाव इंदापूरकडची एक वाडी. वडील मेंढरं राखायचे, दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे. तात्या त्या वाटेनं दोनदाच गेले आणि तिसऱ्या वर्षी इंदापुरात एका रिवायंडिंगवाल्याकडं जाऊन बसले. विहिरीवरच्या जळक्या मोटारी उघडायच्या, जळलेली तार काढायची, नवी भरायची. वीस वर्षं ते काम केलं आणि मग कधीतरी एका शाळेचा बंद पडलेला कॉम्प्युटर कुणीतरी त्यांच्याकडं आणून टाकला. तो चालू झाला. तेव्हापासून ते कॉम्प्युटरवाले.

मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीतली ती मोठी चौकोनी पाटी, जिच्यावर बाकीचं सगळं बसतं. त्यात साधा आणि भारी हा फरक काय, हे मला तात्यांनीच समजावलं होतं. दोन्हींवर डोकं तेच बसतं, म्हणजे प्रोसेसर. फरक असतो त्या डोक्याला वीज पोचवणाऱ्यांत. "साध्यात चार गडी मातीच्या पाट्या वाहत्यात, भारीत बारा," ते म्हणायचे. "काम तासाभराचं असलं तर चौघं पुरत्यात. दिसभराचं असलं तर चौघांचा घाम निगतो." शिवाय भारीत जास्तीच्या जागा असतात, पुढं काही वाढवायचं तर. एवढं सांगून ते माझ्याकडं बघायचे. नजरेत प्रश्न असा की तुमचं काम तासाभराचं का दिवसभराचं, ते आधी ठरवा.

पण गिऱ्हाइकाला ठरवू द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते. यंत्र कुठं बसणार? त्याच्यापुढं कोण बसणार? आणि वीज कशी हाय? उत्तरं ऐकून निकाल तात्या द्यायचे. माझा पहिला कॉम्प्युटर मी पुण्यातल्या कुणाच्या तरी सल्ल्यावरून सगळ्यात भारी बोर्डाचा मागितला. तात्या माझ्या गाळ्यात आले, भिंतीतल्या सॉकेटात टेस्टर घालून बघितला आणि म्हणाले, "पेंटर, तुमच्या गाळ्याला अर्थिंगच न्हाय. आधी ते करा." मग मी काय काम करतो ते विचारलं. फ्लेक्स, म्हटलं. "पुढाऱ्याचं तोंड गोरं करायला साधा बोर्ड पुरतो." मला राग आला होता. पण तो साधा बोर्ड सात वर्षं चालला आणि त्यावर मी निम्म्या तालुक्याची तोंडं गोरी केली, हेही खरं.

बोर्डाला हात लावायच्या आधी ते चप्पल काढायचे, नळावर हातपाय धुवायचे आणि अनवाणी फरशीवर उभे राहायचे. अंगातली स्थिर वीज जमिनीत जावी म्हणून ते होतं. तसल्या बारीकशा ठिणगीनंही बोर्ड मरतो. गिऱ्हाइकांना वाटायचं, तात्या लई भाविक. मग गिऱ्हाइकंही चपला दारात काढू लागली. काही जण बोर्डाच्या खोक्याला हात लावून छातीला लावायचे. मी एकदा म्हटलं, अहो लोकांना खरं कारण सांगा की. "कारण सांगितलं तर कोण चप्पल काढतंय," तात्या म्हणाले. त्यांच्या दारात कायम लग्नघरासारख्या चपला पसरलेल्या असायच्या.

दुसरी सवय हाताची. गरम काय झालंय, किती झालंय हे ते हाताच्या मागच्या बाजूनं बघायचे. मोटारीची सवय ती. तळवा कामानं निबर झालेला असतो, त्याला काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. बोलता बोलता समोरच्या चहाच्या कपालाही ते आधी हाताची मागची बाजू लावून बघत. त्यांच्या उजव्या हाताच्या मागं दोन जुने डाग होते, मोटारीच्या व्हार्निशनं भाजलेले. स्वेटर घालावा इतक्या थंडीतही अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर, दोरीला अडकवलेला चष्मा. बोलणं हळू, पण एकदा 'न्हाय' म्हणाले की ते न्हायच.

एकदा इंदापूरहून एक तरुण कार्यकर्ता आला. नवीन ऑफिस काढलेलं, काचेचं टेबल, आणि त्याला असा बोर्ड पाहिजे होता की ज्यातून रंगीत दिवे लागतात. पेटी काचेची, आत निळा-लाल उजेड. तात्यांनी तीन प्रश्न विचारले. शेवटी कळलं की त्या कॉम्प्युटरवर फक्त गेटवरचा कॅमेरा बघायचा आहे आणि बाकी कुणी बसणार नाही. तात्यांनी साधा बोर्ड घातला आणि पेटीच्या आत मोटारसायकलला लावतात तसली दिव्यांची पट्टी चिकटवून दिली. गडी खूश. वर त्याच्या मित्रांनाही तात्यांकडंच पाठवलं. "उजेड पाहिजे हुता, उजेड दिला," एवढंच तात्या म्हणाले.

पण माणूस पक्का कळायला भवानीनगरच्या पुढच्या एका गावातलं दूध संकलन केंद्र आठवावं लागतं. तिथं वर्षात तीन बोर्ड जळाले. शेवटी तिथले चेअरमन स्वतः आले, आबा म्हणायचे त्यांना सगळे. म्हणाले, आता सगळ्यात भारी बोर्ड द्या तात्या, पोरं दूध घेऊन रांगेत उभी ऱ्हात्यात. तात्यांनी बोर्ड दिला नाही. माझ्या गाडीवर मागं बसून तिथं आले. आत जाऊन कॉम्प्युटरकडं बघितलंही नाही. इमारतीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "आबा, अर्थिंगचा खड्डा कुठाय?"

कुणालाच माहीत नव्हतं. अंगणात नवे कोरे पेव्हर ब्लॉक बसवलेले, लाल-पिवळे, नक्षीचे. एक म्हातारी दुधाची किटली घेऊन उभी होती, तिनं बोट दाखवलं. तिला आठवत होतं, कारण पूर्वी ती तिथंच किटली विसळायची. अंगण देखणं करताना खड्डा ब्लॉकखाली गेला होता, त्यात पाण्याचा थेंब जात नव्हता आणि आतली माती हाडासारखी वाळली होती; कोरड्या मातीत जादा वीज जिरत नाही, ती उलटून यंत्रावर येते. तात्यांनी चार ब्लॉक काढायला लावले आणि दुधाचे कॅन धुतलेलं पाणी त्या खड्ड्यात सोडायची सोय करून दिली. मग साधा बोर्ड बसवला. आबांना ते पटेना. एवढा खर्च करायची तयारी असताना साधा का? "भारी बोर्डालाबी जमीन तीच हाय आबा," तात्या म्हणाले. तो बोर्ड पुढं जळला नाही. पंचक्रोशीत तात्यांचं नाव झालं. तात्यांच्या यंत्रात खोट नसते, असं लोक म्हणायला लागले, आणि मीही म्हणायचो.

अशा माणसाचं चुकलं तर त्याला सांगणार कोण? मला आता वाटतं, त्या नावानंच पुढचा घोटाळा केला.

वडगाव निंबाळकरचे शहाजीराव आपल्या मुलीला घेऊन दुकानात आले, तेव्हा मी तिथंच बसलो होतो. शहाजीराव ऊसवाले, घरी आठ-दहा म्हशी, माणूस हसतमुख. मुलगी सारिका, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. बांधायच्या घराचं चित्र कॉम्प्युटरवर असं करायचं की माणसाला त्यात दारातून आत जाऊन हिंडल्यासारखं वाटावं, हे काम ती शिकली होती. पुण्यातलं एक ऑफिस तिला घरी बसून करायला काम देणार होतं, पण आधी परीक्षेचं म्हणून एक काम करून दाखवायचं होतं. ते जमलं तर नोकरी, तीही गाव न सोडता. तिनं पाहिजे त्या वस्तूंची किमतींसकट यादी वहीच्या कागदावर लिहून आणली होती. प्रोसेसर मोठा, आणि बोर्डापुढं 'भारीतला'.

तात्यांनी यादी हातात घेतली, वरून खाली नजर फिरवली आणि घडी करून खिशात टाकली. मग तीन प्रश्न सुरू झाले.

"यंत्र कुठं बसणार?"

"माडीवर," शहाजीराव म्हणाले. "पत्र्याची खोली हाय."

"म्होरं कोण बसणार?"

"ही आमची सारिका."

"वीज?"

"यीती आन् जाती. तुमाला काय सांगायचं."

तिन्ही उत्तरं बापानं दिली. तात्यांनी मान हलवली. प्रोसेसर यादीतला देतो, म्हणाले, पण बोर्ड साधा घालतो आणि त्यातून जे वाचेल त्यात दांडगा यूपीएस बसवतो, म्हणजे वीज गेली तरी पोरीचं काम बुडायला नको. स्वतःला त्यातून काही सुटावं असा विचार त्यांच्या मनातही नव्हता.

सारिका म्हणाली, "पण तात्या, माझं काम—"

"लागलं तर बघू की म्होरं," तात्या म्हणाले. शहाजीराव समाधानानं हसले. मलाही वाटलं, किती विचार करतो हा माणूस गिऱ्हाइकाचा. सारिकानं एकदा माझ्याकडं बघितलं, बहुतेक मी काही बोलेन म्हणून. मी मोबाईल बघत होतो.

ही गोष्ट दिवाळीनंतरची. एप्रिलात शहाजीराव तेच यंत्र चादरीत गुंडाळून परत घेऊन आले. "इकून टाका तात्या," म्हणाले. "पोरीला न्हाय झेपलं ते."

तात्यांनी यंत्र टेबलावर घेतलं. चप्पल काढली, हात धुतले, पेटी उघडली, चालू केलं. दहा मिनिटं बघितलं. त्यांची तपासणी दहा मिनिटांची असायची. "यंत्राला कायबी झाल्यालं न्हाय शहाजीराव."

"व्हय. तीबी तेच म्हनती," शहाजीराव म्हणाले. "काम हळू हुतं, मदीच समदं बंद पडतं, पुन्हा पयल्यापास्नं. चार महिनं झटली बिचारी. मी म्हनलं यंत्रात काय आसंल, तात्यांकडं नेऊया. तर म्हनली, तात्यांच्या यंत्रात खोट नसती, खोट माझ्यातच हाय. पुन्याच्या लोकांनी काम दुसऱ्याला दिलं. आता म्हशींचं बघती." ते रागावलेले नव्हते. तात्यांचा चहा पिऊन, पुन्हा नमस्कार करून गेले.

तात्यांनी पेटी मिटायला घेतली आणि पुन्हा उघडली. मग म्हणाले, "पेंटर, तिचं काम ह्याच्यावर असंल का अजून? लावता यील?"

ते होतं. मी शोधून लावलं. सकाळचे अकरा वाजले असतील. पहिला तासभर सगळं ठीक चाललं. मग हळू व्हायला लागलं. तात्यांनी पंखा बंद केला, दार ओढून घेतलं. माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत कसं होत असेल ते त्यांना बघायचं होतं. आम्ही दोघं घामानं निथळत बसलो. साडेबाराच्या पुढं यंत्र रांगू लागलं आणि एकच्या सुमाराला बंद पडलं. तात्यांनी हाताची मागची बाजू प्रोसेसरशेजारच्या त्या बारीक काळ्या तुकड्यांजवळ नेली, ज्यांचं काम वीज पोचवायचं, आणि झटकन मागं घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. चार गड्यांच्या डोक्यावर बारा जणांचं ओझं दिलेलं, आणि ते रोज दुपारी खाली बसत होते.

"धा मिनिटाच्या म्होरं मी कुठलंच यंत्र बघितलं न्हाय," तात्या म्हणाले. मग घरून मुद्दाम आणलेला सारिकाचा तो यादीचा कागद त्यांनी काढला. बायकोनं कपडे धुताना खिशातून काढून फळीवर ठेवलेला, दिवाळीपासून तिथंच पडलेला. बोर्डापुढं 'भारीतला' लिहिलं होतं आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात कारण: काम सलग सहा-सात तास चालतं, खोली गरम असते.

मी व्यवहाराचं बोललो. म्हटलं, तात्या, भारी बोर्ड बसवा आणि द्या पाठवून. एक वायर सैल होती म्हणून सांगा. कुणाला काय कळतंय.

"मंग तिला काय कळंल?" ते म्हणाले. "वायर ढिली हुती म्हनून तिचं काम गेलं, आसंच ना? आन् मी काय केलं?" मला स्वतःची लाज वाटली, ती इथं कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझ्या फ्लेक्सच्या गाडीतून वडगाव निंबाळकरला गेलो. मागं यंत्र आणि न फोडलेलं भारी बोर्डाचं खोकं. शहाजीरावांचं घर दुमजली, रंग दिलेलं, बाजूला गोठा. सारिका म्हशींना वैरण टाकत होती, हात पुसत आली. शहाजीरावांनी खुर्च्या मांडल्या, पण तात्या बसले नाहीत. अंगणातच चप्पल काढून उभे राहिले.

"बाळ," ते म्हणाले, "यंत्राला कायबी झालं न्हाय आसं मी तुज्या वडलास्नी सांगितलं. ते खोटं हाय. बोर्ड हलका दिला मी. तुजं काम दिसभराचं आन् त्यो बोर्ड तासाभराचा. चूक माजी हाय. तुजी न्हाय."

शहाजीराव गडबडले. "आवो तात्या, काय बोलताय. आमीच तुमाला म्हनलो हुतो—"

"तुमी काय म्हनला न्हाईसा. तिनं म्हनलं हुतं. लिवून दिलं हुतं."

सारिकानं विचारलं, "वाचलं होतं तुम्ही ते?"

"किमती वाचल्या."

"शेजारी कारण लिहिलं होतं."

"व्हय. परवा वाचलं."

"मग तेव्हा का नाही वाचलं?"

तात्या म्हणाले, "तुज्याकडं बघितलंच न्हाय मी. तुज्या वडलांनी दारात काढल्याल्या चपला बघितल्या. तारंनं शिवल्याल्या हुत्या. म्हनलं, गरीबाघरची पोर, हिला कशाला लई. त्यावरनं ठरीवलं."

शहाजीरावांनी स्वतःच्या पायांकडं बघितलं. "त्या रानातल्या हायत्या," ते हळूच म्हणाले. "घरात नव्या हायत्या."

सारिका रडली नाही, आणि 'राहू द्या हो तात्या' असंही म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं. ती म्हणाली, "चार महिने मी माझंच डोकं तपासत होते तात्या. रोज. सगळं बरोबर केलेलं असायचं, तरी पुन्हा पहिल्यापासून बघायचे. तुमचं यंत्र आहे म्हटल्यावर दुसरीकडं बघायचं सुचलंच नाही." तिचा आवाज चढला नव्हता, पण राग स्वच्छ ऐकू येत होता. तात्यांनी तो उभ्या उभ्या ऐकून घेतला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्या ऑफिसचं काम तिला परत मिळालं नाही. पण दुसरीकडं मिळालं, आणि आज ती त्याच माडीवर बसून कुठल्या कुठल्या शहरांतल्या घरांची चित्रं करते. तात्यांनी दुकान त्यानंतर वर्षभरच चालवलं. त्या वर्षात दारातल्या चपलांकडं पाठ होईल अशी त्यांनी खुर्चीच फिरवली होती, आणि यंत्रापुढं जो बसणार असेल त्यालाच आधी बोलू द्यायचे. माझ्यासाठीही एक दिवस भारी बोर्डाचं खोकं काढून ठेवलं आणि म्हणाले, पेंटर, तुमचंबी म्हननं न ऐकताच मी ठरीवलं हुतं. मी म्हटलं, तात्या, पुढाऱ्यांची तोंडं अजून तीच आहेत, साधाच द्या. ते हसले, पण पोटातून नाही. मागच्या वर्षी जळोचीतल्या राहत्या घरी ते गेले. मी कोल्हापूरला होतो, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यामुळं त्यांची आठवण आली की मला ते दिसतात ते वडगावच्या त्या माडीवरच.

यंत्र वर नेल्यावर तात्या सवयीनं हात धुवायला निघाले, तर सारिका म्हणाली, "मी बसवते."

तात्यांच्या टेबलावर दुसऱ्याचा हात कधी चालला नव्हता. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं एकदा नुसता स्क्रू उचलला तर त्याला त्यांनी गल्लीत काढलं होतं. या वेळी ते बाजूला सरकले. सारिका अनवाणी बसली. पेटी आडवी केली, जुना बोर्ड सोडवला, नवा खोक्यातून काढून कडेनं धरला. खोलीत उजेड कमी होता. "जरा इथं बॅटरी धरा," ती म्हणाली. मी मोबाईल पुढं केला, तो तात्यांनी घेतला आणि तिच्या खांद्यामागं गुडघ्यांवर बसून उजेड धरला. प्रोसेसर बसवताना तिनं तो किंचित वाकडा ठेवला. तात्यांचा मोकळा हात पुढं आला आणि परत मांडीवर गेला. तिनंच बघितलं, पुन्हा उचलला आणि सरळ ठेवला.

यंत्र सुरू झाल्यावर तिनं तेच गेलेलं काम लावलं, ज्याला आता कुणी मागणारं नव्हतं. पत्रा तापला होता. आम्ही तिघं पुरुष भिंतीला टेकून बसलो आणि ती यंत्रापुढं. एक वाजला, दोन वाजले. खालून चहा आला, तो तात्यांच्या पुढं तसाच निवला. त्यांनी एकदाही पेटीला हात लावून बघितला नाही. चारच्या पुढं कधीतरी काम पुरं झालं आणि पडद्यावर एक घर उभं राहिलं. दार उघडलं, आत बैठकीची खोली, खिडकीतून ऊन, मग जिना, मग वरची गच्ची. कुठंही न अडखळता ते सगळं हिंडून झालं. शहाजीराव तोंडाला टॉवेल लावून बघत होते.

सारिकानं ते हिंडणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मग ती आमच्यापैकी कुणाकडंच न बघता म्हणाली, "म्हणजे मला येत होतं."

"तुला येतच हुतं," तात्या म्हणाले. "मला येत न्हवतं."

आणि त्यांनी तो निवलेला चहा उचलला, एका घोटात संपवला आणि कप पुन्हा भरायला शहाजीरावांच्या पुढं केला.